रिपीटरचं डेव्हिएशन कानानं लावू नका

गडवाट

नमस्कार मंडळी. दोन मीटर बँडवरच्या आपल्या रिपीटरवरून (आलेला सिग्नल पकडून डोंगरावरून पुन्हा पाठवणारं केंद्र) सध्या जी कुरबुर चालली आहे, तिच्यासाठी वेगळा धागा काढतोय. शेजारच्या जिल्ह्यातले हॅम (हौशी रेडिओवाले) म्हणतात, तुमचा रिपीटर आमच्या चॅनलवर सांडतो. आपल्यातले काहीजण म्हणतात, त्यांचे रिसीव्हरच ढिले आहेत. मोजलं मात्र कुणीच नाही, ना त्यांनी ना आपण. माझा सगळा आक्षेप तेवढाच आहे.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. एफएममध्ये बोलणाऱ्याचा आवाज जितका मोठा, तितकी कॅरिअर (मूळ रेडिओ लहर) आपल्या मध्यापासून जास्त सरकते. हे सरकणं म्हणजे डेव्हिएशन. २५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर ते जास्तीत जास्त ±५ किलोहर्ट्झ ठेवायचं, १२.५ च्या चॅनलवर ±२.५. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढे गडबड होते, कारण ±५ म्हणजे सिग्नल १० किलोहर्ट्झ रुंद, असं आपण धरून चालतो. तसं नाही. जॉन कार्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९२२ मध्येच गणितानं दाखवलं होतं की एफएम वापरून बँडविड्थ वाचत नाही. त्याच्या नावाचा नियम आजही वापरतात: डेव्हिएशन आणि सगळ्यात वरची ऑडिओ फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करा आणि दुप्पट करा. ५ अधिक ३ म्हणजे ८, दुप्पट १६ किलोहर्ट्झ. नॅरोमध्ये, म्हणजे १२.५ च्या चॅनलवर, २.५ अधिक ३, दुप्पट ११.

आता आपली परिस्थिती बघा. शेजाऱ्यांचा रिपीटर आपल्यापासून १२.५ किलोहर्ट्झवर आहे. दोघेही ±५ वर असतील तर प्रत्येकाचा सिग्नल मध्यापासून ८ किलोहर्ट्झपर्यंत पसरणार. म्हणजे सगळं अगदी बरोबर लावलेलं असलं तरी ३.५ किलोहर्ट्झचा पट्टा एकमेकांवर चढणारच. दोघेही ±२.५ वर आले तर मधे १.५ किलोहर्ट्झ मोकळे राहतात. कार्सनच्या रुंदीत साधारण ९८ टक्के शक्ती मावते. उरलेले दोन टक्के बाहेर जातात, आणि डोंगरावरून निघालेल्या सिग्नलचे दोन टक्केसुद्धा पायथ्याच्या रिसीव्हरला भरपूर होतात.

हे झालं नीट लावलेल्या रिपीटरचं. आपला नीट लावलेला आहे का? 'आवाज बारीक येतो' अशी कुणी तक्रार केली की पॉट (पातळी कमीजास्त करायचा नॉब) जरा फिरवायचा, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. कानाला ५ आणि ७ किलोहर्ट्झमधला फरक कळत नाही, ऐकणाऱ्याला आवाज फक्त जरा भरदार वाटतो. त्यात ज्याचा रिसीव्हर अरुंद आहे त्याला तोच आवाज फाटका ऐकू येतो, मोठ्या उच्चारावर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारा भाग) मधेच तोंड मिटतो. मग तो सांगतो की रिपीटर तुटक येतोय, आणि आपण सिग्नल कमी पडतोय असं समजून पॉट पुन्हा वर करतो.

माझं म्हणणं असं: डोंगरावर जाऊन मोजू, मग बोलू. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी कृपया इथे लिहा.

नवखी_हॅम

खूप छान समजावलंत. एएसओसीच्या (हौशी रेडिओ परवान्याच्या) परीक्षेसाठी डेव्हिएशनची व्याख्या पाठ केली होती, पण त्याचा शेजाऱ्याशी असा संबंध असतो हे आज कळलं. एक शंका. माझ्या हँडीवर (हातातल्या सेटवर) मला सगळे सांगतात की तू लांबून बोलल्यासारखी येतेस. माइक अगदी तोंडाजवळ धरते तरी तेच. हेही डेव्हिएशनच का?

तारेवरचा_पक्षी

ताई, बहुतेक तुमची हँडी नॅरोवर आहे. यूव्ही-५आरसारखा सेट असेल तर मेन्यू ५ मध्ये डब्ल्यूएन (वाइड-नॅरो) असतं, ते बघा. रिपीटर वाइड आणि तुम्ही नॅरो असाल तर तुमचं डेव्हिएशन निम्मं, म्हणून आवाज ६ डेसिबल खाली. मेमरीत साठवलेला चॅनल असेल तर नुसतं सेटिंग बदलून भागणार नाही, चॅनल पुन्हा साठवावा लागेल.

नवखी_हॅम

बघितलं. नॅरोच होता! बदलला. आत्ताच एका काकांनी रिपीटरवर सांगितलं की आता स्वच्छ येतोय आवाज. धन्यवाद दादा.

जुना_सर्व्हिसवाला

गडवाट, धागा काढलात ते फार बरं केलंत. पोलीस आणि वनखात्याचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. रिपीटरवर दोन वेगळ्या गोष्टी लावायच्या असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एक म्हणजे कमाल मर्यादा. ट्रान्समीटरमध्ये लिमिटर असतो. समोरचा कितीही ओरडला तरी त्यापुढे डेव्हिएशन जाता कामा नये. दुसरी म्हणजे पातळी, म्हणजे रिपीटरच्या रिसीव्हरमधून आलेला ऑडिओ किती जोरानं ट्रान्समीटरला द्यायचा. 'आवाज बारीक येतो' म्हणून पहिला पॉट फिरवला की शेजाऱ्याच्या अंगणात पाणी गेलंच म्हणून समजा. मर्यादेचा पॉट एकदा लावायचा, लाख लावून बंद करायचा, आणि आवाजाची तक्रार आली तर त्याला हात लावायचा नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मर्यादा, नंतर पातळी. ट्रान्समीटरला मुद्दाम जास्त ऑडिओ द्या, १ किलोहर्ट्झचा टोन, लिमिटर पूर्ण दाबला जाईल इतका. सर्व्हिस मॉनिटरवर (रेडिओ तपासायच्या उपकरणावर) शिखराचं डेव्हिएशन बघा, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूचं, कारण मॉड्युलेटर सममित नसला तर एका बाजूला ४.५ आणि दुसऱ्या बाजूला ५.५ अशी वाटणी असते. जी बाजू जास्त तीच मोजायची. सीटीसीएसएस (रिसीव्हर उघडण्यासाठी आवाजाखाली सतत जाणारा टोन) धरून एकूण ५ च्या आत बसवा. रिपीटर सीटीसीएसएस पाठवत असेल तर त्याला ५०० ते ७०० हर्ट्झ डेव्हिएशन द्या, म्हणजे आवाजाला ४.३ ते ४.५ उरतात. बरेच लोक आवाजाला पूर्ण ५ देतात आणि टोन वर चढवतात, मग एकूण ५.७ होतं.

मग पातळी. सिग्नल जनरेटरनं रिपीटरच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर चांगला भक्कम सिग्नल द्या, १ किलोहर्ट्झ टोन, ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन. आउटपुटवर बघा. तिथेही ३ यायला हवं. जेवढं आत तेवढं बाहेर. ३ घालून ४.५ येत असेल तर रिपीटर स्वतःच आवाज वाढवतोय, आणि नीट बोलणारा माणूसही कायम लिमिटरवर आदळत राहतो. ३ घालून २ येत असेल तर सगळे बारीक ऐकू येणार आणि लोक माइकमध्ये ओरडायला शिकणार. रिपीटरची बोलण्याची सवय सगळ्या भागाला लागते, म्हणून ही पातळी बरोबर हवी.

टोन १ किलोहर्ट्झवर बरोबर आला की ४०० आणि २५०० हर्ट्झवरही करून बघा. तिथे फरक पडला तर कुठेतरी प्री-एम्फसिस (पाठवताना वरच्या फ्रिक्वेन्सी उचलणं) दोनदा लागतोय किंवा डी-एम्फसिस (ऐकताना त्या पुन्हा खाली आणणं) लागतच नाहीये. डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये एफएममधून आवाज काढणारा भाग) थेट ऑडिओ घेऊन तो माइकच्या टोकाला दिला की हमखास असं होतं: तो ऑडिओ आधीच प्री-एम्फसिस केलेला असतो, माइकच्या वाटेवर पुन्हा दर ऑक्टेव्हला ६ डेसिबल वर जातो. स, श, च सगळे कर्कश होतात आणि लिमिटर त्यांच्यावरच जास्त चालतो.

मडगावकर

काका, एक अडचण. आमच्याकडे क्लबात सर्व्हिस मॉनिटर नाही, कुणाचा उसना मिळाला तरी त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं कुणास ठाऊक. गोव्यात पावसाळ्याच्या दमटपणात ठेवलेली जुनी उपकरणं काय दाखवतील ह्याचा भरवसा नाही. आरटीएल डोंगल (संगणकाला लावायचे छोटे रिसीव्हर) मात्र चार-पाच जणांकडे आहेत. त्यावर जमेल का?

तरंगलांबी

जमेल, आणि सर्व्हिस मॉनिटरपेक्षाही खात्रीनं जमेल, कारण इथे मोजमाप गणितावर टेकलेलं असतं, कुठल्या मीटरच्या काट्यावर नाही. पद्धतीला बेसेल नल म्हणतात.

एका शुद्ध टोननं एफएम केलं की कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना साइडबँडच्या जोड्या दिसतात. डेव्हिएशन वाढवत गेलो की कॅरिअरची उंची कमी होत जाते, आणि एका ठिकाणी ती पूर्ण नाहीशी होते. ते ठिकाण म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स २.४०५, म्हणजे डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी २.४०५. त्यामुळे डेव्हिएशन हवं तेवढं ठरवा, २.४०५ ने भागा, तो टोन द्या. ५ किलोहर्ट्झ हवे असतील तर २०७९ हर्ट्झ. ४.५ साठी १८७१, ३ साठी १२४७, २.५ साठी १०४०. टोन मोबाइलच्या एखाद्या जनरेटर ॲपनंही देता येतो, हर्ट्झचा आकडा त्यात अचूक असतो.

डोंगलच्या वॉटरफॉलवर (स्पेक्ट्रमच्या चित्रावर) स्पॅन पुरेसा छोटा करा आणि एफएफटी (स्पेक्ट्रमचे तुकडे पाडणं) इतका बारीक ठेवा की दोन रेषा वेगळ्या दिसतील, ५० ते १०० हर्ट्झचा तुकडा पुरतो. सीटीसीएसएस बंद ठेवा. डेव्हिएशन शून्यावरून सुरू करा आणि हळूहळू चढवा. कॅरिअर पहिल्यांदा जिथे बुडते तो २.४०५. खूप वर जाऊन खाली आलात तर दुसरा नल ५.५२० वर आहे, त्यात फसाल.

डोंगल अँटेनाशिवाय काही मीटर लांब ठेवा. रिपीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या भारावर) चालवत असाल तरी गळतीवर भरपूर सिग्नल मिळतो. डोंगलचा गेन ऑटोवर सोडू नका, हातानं कमी करा. ओव्हरलोड झाला की खोट्या रेषा उगवतात.

जुना_सर्व्हिसवाला

तरंगलांबी, छान लिहिलंत. एकच जोड. बेसेलचं गणित शुद्ध साइन टोनचं आहे. लिमिटर टोन कापायला लागला की तो साइन राहत नाही. म्हणून नल पद्धतीनं थेट मर्यादा लावायला जाऊ नका. नलनं आधी तुमचा मोजणारा रिसीव्हर पारखा. म्हणजे लिमिटरला न भिडणारा टोन द्या, समजा १२४७ वर नल मिळाला, तर तिथे नक्की ३ किलोहर्ट्झ आहेत. त्या वेळी डोंगलच्या एफएम डीमॉड्युलेटरमधून बाहेर येणारी शिखराची उंची ऑसिलोस्कोपवर किंवा ऑडिओच्या प्रोग्रॅमवर टिपून ठेवा. झाली तुमची पट्टी. त्याच पट्टीवर लिमिटर दाबून कमाल किती येतं ते वाचा. डी-एम्फसिस बंद आणि रिसीव्हरचा फिल्टर २५ किलोहर्ट्झपर्यंत उघडा ठेवला पाहिजे, नाहीतर शिखरं कापली जाऊन आकडा कमी दिसेल.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय, हा प्रश्न इथेही रोजचा. अमेरिकेत दोन मीटरवर काही भागांत रिपीटर १५ किलोहर्ट्झच्या अंतरानं आणि काही भागांत २० च्या अंतरानं बसवतात. १५ वाल्या भागात वरचं गणित लावा: १६ किलोहर्ट्झचा सिग्नल १५ च्या जागेत. म्हणून शेजारच्या चॅनलचे रिपीटर भौगोलिकदृष्ट्या लांब ठेवावे लागतात आणि हे ठरवायला स्वयंसेवी समन्वय मंडळं आहेत. एफसीसीच्या (इथल्या दूरसंचार नियामकाच्या) नियमात असंही आहे की एकाच रिपीटरचं समन्वयन झालेलं असेल, तर हस्तक्षेप मिटवण्याची प्राथमिक जबाबदारी समन्वयन न झालेल्यावर. दोघांचंही झालेलं असेल किंवा नसेल, तर दोघे सारखेच जबाबदार.

आणखी एक. १ जानेवारी २०१३ पासून इथल्या व्यावसायिक व्हीएचएफ-यूएचएफ सेटांना नॅरोबँड सक्तीचं झालं. हॅमना ते लागू नाही. पण त्यामुळे वाइडचे चांगले रिपीटर आणि बेस सेट व्यावसायिकांकडून निघून हॅमांच्या हाती आले. ते प्रोग्रॅम करताना प्रत्येक चॅनलचं वाइड-नॅरो वेगळं तपासावं लागतं, कारण रिसीव्हर नॅरो आणि ट्रान्समीटर वाइड अशी विचित्र जोडीही त्यात राहून जाते.

गडवाट

एडिसनकर, फार उपयोगी. तुमच्यासारखी समन्वय मंडळं आपल्याकडे नाहीत, आणि डब्ल्यूपीसी (केंद्र सरकारचा वायरलेस विभाग) परवाना देतं म्हणून दोन क्लबांमधलं भांडण सोडवायला येणार नाही. आपलं आपणच बसून ठरवावं लागेल. म्हणून तर मोजमाप हवं, निदान बोलायला दोघांसमोर तोच आकडा असेल.

कोकणकडा

एक विरोधी मत मांडतो. सगळ्यांना ±२.५ वर आणा असं गडवाट सुचवताहेत असं दिसतंय. डेव्हिएशन निम्मं केलं की ऐकणाऱ्याच्या बाजूला सिग्नल-टू-नॉइज (आवाजाचं खरखरीशी प्रमाण) ६ डेसिबलनं कमी होतं. आमच्या भागात दऱ्याखोऱ्यांतून हँडीवर बोलणारे लोक आहेत. पावसाळ्यात दरड कोसळते, फोन बंद पडतात, तेव्हा खरखरीतून नाव आणि गाव ऐकता येणं हेच महत्त्वाचं असतं. शेजाऱ्याची सोय म्हणून ते सोडायचं का?

गडवाट

कोकणकडा, तुमचं म्हणणं वजनदार आहे आणि मी ते टाळणार नाही. रिसीव्हरही नॅरो केला तर फिल्टर अरुंद झाल्यानं आवाज आत घेण्याची उंबरठ्याची पातळी थोडी सुधारते, त्यामुळे अगदी काठावरच्या सिग्नलला तोटा ६ डेसिबलपेक्षा कमी असतो. पण मधल्या सिग्नलवर फरक पडतो हे खरं. म्हणून माझा पहिला पर्याय नॅरो नाहीच. पहिला पर्याय, दोघांपैकी एकानं चॅनल सरकवावा आणि दोघांमध्ये २५ किलोहर्ट्झ ठेवावेत, मग दोघेही ±५ वर सुखानं चालतील. ते जमलंच नाही तर नॅरो, आणि तेही दोघांनी. एकानंच करून उपयोग नाही: त्याचा आवाज सगळ्या वाइड रिसीव्हरवर बारीक येईल आणि दुसऱ्याचा त्याच्यावर सांडतच राहील.

विजेचा_खांब

आमच्या क्लबाचा अनुभव. आम्ही डेव्हिएशन मीटरवर व्यवस्थित ५ लावलं, तरी शेजारच्या चॅनलवरून तक्रार थांबेना. कंट्रोलर घरी बनवलेला आहे, त्याचा ऑडिओ मॉड्युलेटरच्या फ्लॅट इनपुटला दिलाय. काय तपासावं?

तरंगलांबी

तुमच्या वाक्यातच उत्तर आहे. फ्लॅट इनपुट म्हणजे बहुतेक सेटांत लिमिटर आणि त्याच्या मागचा फिल्टर, दोन्ही वळसा घालून थेट मॉड्युलेटर. तुमच्या कंट्रोलरमध्ये डायोडचा क्लिपर असेल, पण त्याच्या मागे लो-पास फिल्टर आहे का? क्लिप झालेल्या आवाजात हार्मोनिक्स असतात. ३ किलोहर्ट्झचा आवाज कापला तर ९ किलोहर्ट्झचा घटक तयार होतो. तो फिल्टर केला नाही तर कार्सनमध्ये ३ च्या जागी ९ घाला: ५ अधिक ९, दुप्पट २८ किलोहर्ट्झ. मीटर ५ दाखवेल आणि खोटंही बोलणार नाही, कारण डेव्हिएशन खरंच ५ आहे. रुंदी मात्र भलतीच वाढली आहे.

क्लिपरनंतर ३ किलोहर्ट्झला कापणारा भक्कम फिल्टर टाका, त्याला स्प्लॅटर फिल्टर म्हणतात. क्रम आधी क्लिपर, मग फिल्टर. उलटा लावलात तर काहीच उपयोग नाही. आणि फिल्टरमुळे शिखरं जरा उसळतात, म्हणून कमाल डेव्हिएशन फिल्टर जोडल्यानंतर पुन्हा लावा.

बोलणाऱ्यानं पीटीटी (बोलायचं बटण) सोडल्यावर स्क्वेल्च बंद व्हायच्या आधी जो खर्र आवाज येतो, तोही बघा. डिस्क्रिमिनेटरचा तो कच्चा नॉइज वरच्या फ्रिक्वेन्सींनी भरलेला असतो आणि फ्लॅट इनपुटवरून तसाच हवेत जातो. शेजाऱ्याला दर ओव्हरनंतर (एकाचं बोलणं संपल्यावर) टिक् ऐकू येत असेल तर कारण तेच.

विजेचा_खांब

टिक् ऐकू येतं अशीच तक्रार आहे! क्लिपर आहे, फिल्टर नाही. या रविवारी बसवतो.

सातपुडा_व्हीएचएफ

सगळं वाचतोय, उत्तम धागा. पण प्रत्येक हस्तक्षेप डेव्हिएशनचा नसतो हेही कुणीतरी म्हणायला हवं. डेव्हिएशनला हात लावण्याआधी फ्रिक्वेन्सी मोजा. जुन्या क्रिस्टलचा १० पीपीएमचा (दहा लाखांत दहा) फरक १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास दीड किलोहर्ट्झ होतो. मध्यच तेवढा सरकला की एका बाजूच्या शेजाऱ्याला रिपीटर अतिरुंद वाटतो आणि दुसऱ्या बाजूच्याला तक्रारच नसते. तक्रार एकाच बाजूनं येत असेल तर आधी हे बघायचं. आमच्या डोंगरावर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी जेवढं तापतं, त्यात क्रिस्टल सकाळी एक आणि दुपारी एक असतं.

आणि डोंगरावर मोबाइलचे, एफएम प्रसारणाचे, खासगी वायरलेसचे टॉवर एकत्र असतील तर इंटरमॉड्युलेशन असू शकतं. तिथे दोन परक्या सिग्नलांची मिसळण तुमच्या इनपुटवर पडते. डेव्हिएशन कितीही कमी करा, ते जाणार नाही. आपलाच ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बधिर करतोय का तेही वेगळं तपासायचं, इनपुट-आउटपुटमधल्या ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) कॅव्हिटी जरा ढळल्या तरी पुरे.

नवखी_हॅम

अजून एक विचारते. आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) १४५.८०० वर ऐकते तेव्हा आवाज कापल्यासारखा येतो. तिथेही माझी हँडी नॅरो असल्यानं का?

तारेवरचा_पक्षी

हो, तेही त्याच कारणानं. स्थानकाचं एफएम वाइड आहे. शिवाय डॉपलरमुळे (वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकलेली दिसणं) ते डोक्यावर यायच्या आधी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि गेल्यावर तेवढंच खाली दिसतं, त्यामुळे नॅरो फिल्टरमधून अर्धा सिग्नल बाहेर राहतो. आता वाइड केलंय तर पुढच्या पासला फरक कळेल. सुरुवातीला १४५.८०५ ला धरा, मधे १४५.८००, शेवटी १४५.७९५.

गडवाट

शेजारच्या क्लबाच्या तांत्रिक लोकांशी आज बोललो. येत्या महिन्यात आधी आपल्या डोंगरावर आणि मग त्यांच्या, दोन्हीकडच्या लोकांनी मिळून मोजायचं ठरलंय. मडगावकर डोंगल आणि लॅपटॉप घेऊन येणार आहेत, जुना_सर्व्हिसवाला काकांनी सिग्नल जनरेटर आणायचं कबूल केलंय. आधी फ्रिक्वेन्सी, मग मर्यादा, मग पातळी, मग टोन, याच क्रमानं. दोन्ही रिपीटर एकेक करून बंद ठेवून दुसऱ्याच्या चॅनलवर किती पडतंय तेही बघू. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि करा. वर चढायला दीड तास लागतो, आणि १२ व्होल्टची बॅटरी उचलायला दोन माणसं अजून हवीत.

जुना_सर्व्हिसवाला

येतोय. सोबत एक २० आणि एक ३० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) आणि ५० ओहमचा डमी लोड आणतो. रिपीटरला एन कनेक्टर आहे की यूएचएफ, तेवढं आधी कळवा, त्याप्रमाणे जोडण्या घेतो. सीटीसीएसएसचा टोन रिसीव्हरकडून पुन्हा ट्रान्समीटरला जातोय का, म्हणजे मधला ३०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लागलाय का, हेही त्याच दिवशी बघू. ७३ (शुभेच्छा).